आप्पा, मी खिडकीतून पाहिलं

तीर्थरूप आप्पांना अपेक्षाचा नमस्कार.

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते.

मी घडवलेल्या बाळगणपतीचा साचा रोह्याच्या कर्णबधिर शाळेला तीन वर्षं वापरायला दिला. मूर्ती तिथल्या मुलांनी करायच्या, विक्री शाळेची, हक्क माझाच. तरी तुम्ही म्हणालात, "साचा घराभायेर गेला, मग आपलं काय ऱ्हायलं गो?" आणि पिशवी उचलून रोह्याला निलेशदादाकडे राहायला गेलात. ऐन हंगामात जोह्याच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात तुमची जागा रिकामी. डोळ्यांची आखणी मीच केली, पण तुमच्या हातची नजर काही उतरली नाही.

काल शाळेत मूर्ती बघायला गेले. वर्गाच्या खिडकीशी तुमचा आवाज कानावर आला आणि थबकले. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला होतात, समोर एक मुलगी ब्रश धरून. "नाय गो, आधी वरची रेघ. श्वास रोखून धर," असं तिला सांगत होतात. तिला ऐकू येत नाही, हे मग तुम्हाला आठवलं. तुम्ही स्वतःच गाल फुगवून श्वास रोखलात. तिनेही गाल फुगवले आणि रेघ ओढली. सुरेख आली.

वर्गाच्या बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हे आजोबा रोज येतात. पण घरी सांगू नका, म्हणतात."

मी हाक न मारता परतले. कधीतरी तुम्ही आपणहून सांगाल, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवीन. तोवर खुशाल रागावलेले राहा.

तुमचीच,
अपेक्षा