तुम्ही मावशींना नेलंत

बाई, त्या मे महिन्यात तुम्ही शाळेतल्या शिपाई मावशींना घेऊन अंदमानला गेलात आणि मला नेलं नाहीत, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तुम्ही हे जग सोडूनही वीस वर्षं होऊन गेली. मीही निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि तरी कुणी सहज 'बेट' म्हटलं की मी विषय बदलते. इतकी वर्षं मी त्याला राग म्हणत आले. आता या वयात खरं नाव घ्यायला हरकत नाही. मला मावशींचा हेवा वाटत होता, आणि तो वाटायचा अजून थांबलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठवीत होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी उमरग्याला तुमच्या शाळेत. तुम्ही भूगोल शिकवायचात. तुमच्याकडं खाकी पुठ्ठ्याची एक वही होती. सोलापूरहून मद्रासला जाणारी गाडी, निलगिरीच्या डोंगरात चढणारी छोटी रेल्वे, मद्रासहून अंदमानला सुटणारं जहाज, तिथली दाट जंगलं, लहान लहान बेटांची नावं, सगळं बारीक अक्षरात उतरवलेलं. हा प्रवास तुम्ही कॉलेजात असल्यापासून ठरवत होतात. आधी भावांची शिक्षणं आली, मग आईचं आजारपण. त्या उन्हाळ्यात एकदाचं जायचं पक्कं झालं होतं, तेवढ्यात शाळेच्या शेडमध्ये दुष्काळी कामावरच्या लोकांना वाटायची सुकडी करायचं केंद्र उघडलं. तुम्ही वही कपाटात ठेवलीत आणि पदर खोचून कढईपाशी उभ्या राहिलात.

ती शेड मला आजही दिसते. वरचा पत्रा तापलाय. मावशी लांब उलथन्यानं पीठ भाजताहेत, तुम्ही गूळ फोडताय, मी तुमच्या डाव्या हाताला बसून पुडे बांधते आहे. मावशी मधेच थांबतात.

"बाई, त्या तुमच्या रानात रोज पाऊस पडतो म्हणं. खरं व्हय?"

"रोज. दुपारी आभाळ भरून येतं आणि कोसळतं."

"रोज! आन् मग माणसं काय करत्यात?"

"भिजतात," तुम्ही म्हणालात, आणि तिघीही हसलो. हसून झाल्यावर तुम्ही गुळावरची नजर न काढता म्हणालात, "एवढा दुष्काळ सरू दे. नेते तुला."

शाळेत तुम्ही मावशींना 'अहो मावशी' म्हणायचात. त्या शेडमध्ये तुम्ही त्यांना 'अगं तुगं' करायला कधी लागलात, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यामुळं ते 'तुला' मी बिनदिक्कत स्वतःकडं घेतलं. तेरा वर्षांची होते. दुपारचे पुडे वाटून झाल्यावर घरी पळत गेले आणि आईला सांगितलं, बाई मला समुद्रापलीकडं नेणार आहेत. आईचे हात खडीनं सोललेले होते. ती म्हणाली, "जा की, माय."

दुष्काळ सरला तरी तुमचं जाणं लांबतच गेलं, आणि त्या एका शब्दावर मी दहा वर्षं काढली. वसतिगृहात राहून शिकले, बी.एड. केलं, आणि शेवटी तुमच्याच शाळेत, तुमच्याच विषयाला शिक्षिका म्हणून लागले. दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघी नकाशाचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचो. कुठल्या बेटावर होडी जाते, कुठल्या रानात जळवा लागतात, हे मला तुमच्याइतकंच पाठ होतं. जहाजाची दोन तिकिटं आली तेव्हा मी सोलापूरहून कॅनव्हासचे बूट आणले. दुसरं तिकीट कुणाचं, हे चुकूनसुद्धा विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

मग एप्रिलमध्ये एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत तुम्ही म्हणालात, "मी नसताना नववीच्या निकालाचं तू बघशील ना?"

"मी? मी पण येणार ना, बाई?"

तुम्ही चष्मा काढलात. "अगं, दुसरं तिकीट मावशीचं आहे. शेडमध्ये शब्द दिला होता तिला. तू होतीस की तिथं."

"त्यांना नकाशासुद्धा वाचता येत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला होता.

"न येऊ दे. तू आज ना उद्या स्वतःच्या पायानं जाशील. तिला मी नेलं नाही तर कोण नेणार?"

तुमचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. तुम्ही निघालात त्या सकाळी दूध संघाच्या ट्रकनं तुम्हाला सोलापूरपर्यंत नेलं. संघाची माणसं आपल्या शाळेच्या कमिटीवर होती, त्यामुळं तेवढी सोय झाली. 'शिपाईण समुद्र बघाय निघाली' म्हणून गावात चेष्टा चाललेली. मावशी पुढं ड्रायव्हरशेजारी, नव्या चपला पायात न घालता मांडीवर धरून बसल्या होत्या. निरोप द्यायला यायचं टाळायला मी ताप आल्याचं कळवलं होतं आणि रिकाम्या वर्गाच्या खिडकीआडून बघत होते. त्यानंतर महिनाभर मी रोज मनात म्हणायचे, मावशींना जहाज लागू दे, त्यांना उलट्या होऊ देत, त्यांना काही म्हणजे काही बघता येऊ नये. जहाज लागलं ते तुम्हाला. मावशींनी चार दिवस तुमचं डोकं मांडीवर घेतलं, हे तुम्हीच परत आल्यावर हसत सांगितलंत. त्या मांडीचाही मला हेवा वाटला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तुम्ही मावशींना माझ्याच नववीच्या वर्गात खुर्चीवर बसवलंत. सुरुवातीला त्या सारख्या उठून उभ्याच राहत होत्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. निलगिरीतली ती छोटी रेल्वे गाभण म्हशीवानी चढते म्हणाल्या, आणि मुली खो खो हसल्या. मग त्या रानात शिरल्या. "झाडं इतकी उंच, वर बघितलं की डोईवरचा पदर पडतोय. पाऊस थांबला तरी झाडं तासभर गळत्यात. म्या एका पानाखाली ओंजळ धरली, ती भरली. भरली तसं मला रडूच आलं बगा. म्हणलं, हितं कुणाला नको झालंय पानी, आन् आमी त्या साली..." मग त्यांनी लांबच्या एका बेटावरच्या म्हातारीचं सांगितलं. "तिची बोली मला न्हाय, माझी तिला न्हाय. तिनं नारळ दिला आन् हातानंच इचारलं, लेकरं किती? म्या तीन बोटं दावली. मग एक मिटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, चार बोटं दावली, आन् दोन मिटली."

मावशींचा धाकटा दुष्काळात हगवणीनं गेला होता, हे वर्गातल्या निम्म्या मुलींना ठाऊक होतं. कुणी हलत नव्हतं. माझ्या वर्गात माझ्या शिकवण्यानं अशी शांतता कधी झाली नव्हती. आणि मी उठले, भिंतीवरच्या नकाशाकडं गेले आणि म्हणाले, "मावशी, ते बेट कुठल्या दिशेला आहे ते दाखवा बरं मुलींना."

मावशी नकाशासमोर आल्या. त्यांनी बोट ठेवलं ते अरबी समुद्रात. मुली हसल्या. मीही हसले, बाई.

"व्हय, मला अडाण्याला काय कळतंय," मावशी म्हणाल्या. घंटेचा हातोडा घेतला आणि गेल्या. व्हरांड्यात तुम्ही मला गाठलंत. "तिला दिशा विचारायला बोलावलं नव्हतं," एवढंच म्हणालात. तुमचा आवाजसुद्धा चढला नव्हता. त्यानंतर मुलींनी कितीदा आग्रह केला तरी मावशी एकच सांगायच्या, "इसरले बया सगळं." पुढं सात-आठ वर्षांनी त्या वारल्या. तोवर रोज आम्ही एकाच आवारात होतो. रोज सकाळी त्या माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायच्या आणि रोज मी 'ठेवा' म्हणायचे. त्यापलीकडं एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

तुम्ही म्हणाला होतात, स्वतःच्या पायानं जाशील. मी गेले नाही. लग्नानंतर आमचे मालक तयार होते, रजा होती. पुढं मुलानं विमानाची तिकिटंही बघितली होती. गुडघ्यांचं निमित्त सांगून मी ते मोडलं. मावशींच्या मागून दुसरी म्हणून मला तिथं पाऊल ठेवायचं नव्हतं.

आणि आता जे सांगायचं ते सांगते. एका कोरड्या ऑगस्टमध्ये वर्ग पेंगत होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, पाऊस थांबला तरी तिथली झाडं तासभर गळत असतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय?" मी हो म्हणाले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी ते रान सांगत आले, पदर पडण्यापासून नारळ देणाऱ्या म्हातारीपर्यंत, सगळं 'मी' लावून. वर्ग तसाच शांत व्हायचा. मला ते फार आवडायचं.

मागच्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. उमरग्यात दवाखाना चालवते. नवऱ्याबरोबर अंदमानला जाऊन आली होती, माझ्यामुळं जावंसं वाटलं म्हणाली, पाया पडली. मग विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या साली गेला होता?" मी साल सांगितलं, तुमचं आणि मावशींचं. "एकट्याच?" ती म्हणाली. मी म्हणाले, हो, एकटीच.

तिला खरं सांगावं म्हणून काल दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा तिनं उचलायच्या आत ठेवून दिला. मग कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच.