रक्ततपासणी शहरात नेणाऱ्यांविरुद्ध

प्रिय बाबा,

मी ठीक आहे. दवाखान्याबाहेर पिंपात लाकडं पेटवून आम्ही प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ संपावर उभे असतो, त्यामुळे उणे तीस अंशांतही फारसं गारठायला होत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही मत दिलंत त्या उजव्या सरकारनं आमच्या दवाखान्यातली रक्ततपासणी खासगी कंपनीला दिली. आता नमुने ट्रकनं शहरात जाणार.

त्या कंपनीचा मॅनेजर ब्रेंट म्हणाला, "लॅरिसा, तू हुशार पोरगी. युनियन सोड, कंपनीत तुला मुख्य तंत्रज्ञ करतो."

मी म्हटलं, "आधी हिमवादळात ट्रक वेळेत पोचवून दाखवा."

नोकरी बहुधा जाईल. युनियन सोडणार नाही.

नाताळला येईन. अंगणात तुमच्या त्या पक्षाची प्रचाराची पाटी असेल तर राहू द्या. तिच्या शेजारी मी आमच्या युनियनची ठोकणार आहे.

तुमच्याइतकीच हट्टी,
लॅरिसा