मीराबाईची उचकी

बुधवार, ११ फेब्रुवारी

थांबत नाही! आमच्या हिच्या, मीराबाईच्या हर्नियाच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस आणि कालपासून ही उचकी. प्रत्येक उचकीला ती पोट धरते. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं — टाके ताणले जाताहेत. सुटले तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि तिचं हृदय अशक्त, दुसरी भूल झेपेलच असं नाही. तिला उगाच घाबरवू नका म्हणाल्या.

मग मी एकट्याने घाबरायचं!

गुरुवार, १२

इंजेक्शन दिलं. दोन तास शांत. मग पुन्हा सुरू.

शेजारच्या खाटेवर सुभद्राबाई आहेत, करी रोडच्या. त्या म्हणाल्या, "कोण आठवण काढतंय ते ओळख गो, नाव घेतलं की थांबते." हिने मुलाचं नाव घेतलं, सुनेचं घेतलं, माहेरच्या सगळ्यांची घेतली, माझ्या मेलेल्या आईचंसुद्धा. चालूच! "आता लालबाग मार्केट तेवढं राहिलं," ही म्हणाली, मध्ये उचकी, "दुकानांच्या पाट्या वाचून दाखवा." दोघी हसायला लागल्या. ही कळवळली. मी ओरडलो, हसू नको!

शुक्रवार, १३

साखर झाली. नाक दाबून पाणी झालं. उचक्या मोजायला बसलो — तासाला शंभरावर. मोजणं सोडून दिलं.

शनिवार, १४

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

सकाळी चहा पिताना मलाच उचकी लागली! आधी वाटलं, ही काय साथ आहे? आणि एकदम गिरणीतला आमचा साचेखाता आठवला, कापडाच्या मागांचा. सुताची कांडी पोटात घेऊन मागात आडवा धावतो तो लाकडी धोटा; कांडी बदलली की त्याच्या भोकाला ओठ लावून दोरा ओढून घ्यायचा. एकच लांब श्वास. लक्ष भोकावर, मनात दुसरं काही नाही. साच्यावर कुणाला उचकी लागली की जुने विणकर म्हणत, "धोटा ओढ." आणि थांबायची! इतक्या वर्षांत हे एकदाही आठवलं नव्हतं.

डोळे मिटले. मनात धोटा आणला — गुळगुळीत लाकूड, तेलाचा वास, ते बारीक भोक. श्वास ओढला, दम धरला, दोरा पलीकडून येईपर्यंत सोडला नाही. उचकी गेली.

चार वाजता वॉर्डात पोचलो आणि हिला सांगितलं. "मी कुठे बघितलाय धोटा? मी काय गिरणीत जायचे?" — "मग माझ्याकडे बघ, मी करतो तसं कर." पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. सुभद्राबाई म्हणाल्या, "भाऊ, गिरणीला कुलूप लागून जमाना झाला, आता तरी सुट्टी घ्या!"

तिसऱ्या वेळी स्टूल तिच्या अगदी समोर ओढलं. मी श्वास घेतला, तिने घेतला. दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं, ओठ घट्ट, डोळे माझ्यावर रोखलेले. गाल थरथरत होते. मग हळू सोडला.

आली नाही! पाच मिनिटं. दहा. सिस्टर ट्रे घेऊन जागच्या जागी उभी. सुभद्राबाईंनी हात जोडले.

मी चौथी शिकलेला माणूस. आपल्या छातीत एवढं सामर्थ्य घेऊन फिरतो आणि पत्ता नाही! कुणी ठेवलं असेल ते आत?

रविवार, १५

दोनदा आली, दोनदा घालवली. मुलाला, दीपकला फोन केला. तो अंबरनाथहून म्हणतो, "बाबा, हे तर मेडिटेशन!" असेल. आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं, एवढंच.

मंगळवार, १७

टाके शाबूत. टॅक्सीने घरी आणलं. जिना चढताना मीच दोनदा थांबलो.

बुधवार, १८

आज हिला विचारलं, दम धरायचीस तेव्हा मनात काय असायचं? वाटलं, देवाचं नाव घेईल. "तुमचं तोंड," म्हणाली. "गाल आत, डोळे बाहेर, भिऊन पांढरंफटक. हसले असते तर टाके गेले असते. म्हणून दम धरला."

मी म्हटलं, भिऊन कसलं? भिण्यासारखं काय होतं?

"पुन्हा पोट उघडलं तर मी उठेनच असं नाही, हे पहिल्याच दिवशी सिस्टरकडून काढून घेतलं होतं मी."

म्हणजे हे माहीत असून ही हसू दाबत होती!