चौदाशे सत्तेचाळीस दातांच्या चाकाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय ब्याऐंशी, धंदा घड्याळांची दातेरी चाकं कापणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शेवटच्या दोन शब्दांवर माझ्या धाकट्या भावाचा आक्षेप आहे. ‘ताईचं डोकं फिरलंय’ असं तो गेली चाळीस वर्षं गल्लीभर सांगत आला आहे. म्हणून मी शुद्धीत असल्याची साक्ष त्यानेच द्यावी. त्याच्या सहीशिवाय हा कागद मला चुलीत घालण्याच्या लायकीचा.

कलम एक. राहतं घर आणि दाते कापायचं यंत्र माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्याच मुलीला. माझ्या कानशी मात्र तिने बापाला उसन्या देऊ नयेत. तो त्या बोथट करून आणतो आणि वर ‘चालेल’ म्हणतो.

कलम दोन. मोठं चाक. इथे जरा सांगावं लागेल. वकीलबाईंनी जांभई आवरावी.

मनोऱ्यावरच्या घड्याळाला चंद्राची तबकडी बसवायची होती. चंद्राचा महिना एकोणतीस दिवस आणि वर थोडा. तो ‘थोडा’ उलटा करायचा, म्हणजे एकाला त्याने भागायचं, त्यातला पूर्णांक काढून ठेवायचा, उरलेलं पुन्हा उलटं करायचं. अपूर्णांकांची अशी साखळी जसजशी लांबवावी तसतशी गंमत वाढते. एक उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं, पुढचं जास्त, पुन्हा कमी, आणि दर खेपेला खरा आकडा जवळ येतो. मला तर गुदगुल्या होतात! धाकटा दोन महिन्यांना एकोणसाठ दिवस, म्हणजे एकोणसाठ दाते, या उत्तरावर थांबला. पावणेतीन वर्षांत एका दिवसाची चूक. मी पुढे गेले: एकोणपन्नास महिन्यांना चौदाशे सत्तेचाळीस दिवस, तितकेच दाते. तीन हजार वर्षांत एक दिवस.

“तीन हजार वर्षांनी तक्रार करायला येणार कोण, ताई?”

“मी येईन.”

चौदाशे सत्तेचाळीसचे भाग पडत नाहीत, त्यामुळे काम दोन लहान चाकांत वाटता येईना. मी एकच चाक कापलं, पुरुषभर उंचीच्या दीडपट. चंद्र सेकंदापर्यंत मोजला आणि वर्कशॉपचं दार मोजायचं राहिलं. त्यानेही मोजलं नव्हतं, हे नोंदवावं. चाक बाहेर निघेना, मनोऱ्यावर एकोणसाठ दाते चढले, आम्ही भांडलो आणि वर्कशॉपमध्ये मधोमध भिंत उभी राहिली. मोठं फाटक त्याने नंतर पाडून घेतलं, तेही स्वतःच्या बाजूला; चाक राहिलं माझ्या. मी त्यावर चादर घालून जेवते. वीस माणसं बसतील; बसते मी एकटी. सवय झाली असं लोकांना सांगते, पण झालेली नाही.

कलम तीन. वर्कशॉपचा माझा अर्धा भाग धाकट्याला. तो कोंदट जागेत यंत्रांना कोपर मारत काम करतो, हे मला भिंतीतून ऐकू येतं. अट एकच: भिंत पाडावी आणि चाक त्याच्या फाटकातून मनोऱ्यावर न्यावं.

एवढं लिहून झालं तेव्हा धाकटा साक्षीला आला. वकीलबाई म्हणाल्या, “थांबा. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर जागा गेली.”

“म्हणजे जागा घ्यायची, नाहीतर ताईला शहाणी म्हणायचं?”

“तसंच काहीसं.”

त्याने चादर उचलली. चाकाभोवती दात्यांवरून बोट फिरवत गेला.

“एकही झिजला नाही गं.”

“फिरवलंच कुठे कोणी?”

त्याने चादर घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “पेन दे. भिंत आज पाडतो. त्यासाठी तुला मरायची गरज नाही.”

कलम तीनमध्ये दुरुस्ती: माझा अर्धा भागही भाचीला. आनंदाने माझं अक्षर वेडंवाकडं येत आहे. त्यावरून शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

ठिकाण: मोठ्या चाकावर, चादर काढून.
तारीख: पौर्णिमा. माझ्या आकड्याने आज. मनोऱ्याच्या मते, तीन वर्षांपूर्वी जुळवूनही, कालच झाली.

सही: ताई

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा न्हावी. मी गल्लीत इतकी वर्षं उलटंच ऐकत होतो.

साक्षीदार २: माझी बहीण <s>जवळपास</s> पूर्ण शुद्धीत आहे. ‘जवळपास’ हा शब्द मीच खोडला आहे. — धाकटा