एकशेसाठ वाव वायर

१० जानेवारी १९८९

उशीर झाला लिहायला, वही. रागावू नको. आठ दिवस मनच लागेना. भालकीजवळच्या आमच्या कारखान्याच्या मागच्या गेटवर कॅमेरा बसणार, त्याचा टीव्ही ऑफिसात. मॅनेजरसाहेब म्हणाले, "गुंडेराव, टीव्हीपुढं तुम्हीच बसा." गुडघे आता पहाऱ्याच्या फेरीला चालत नाहीत, हे त्यांनी ओळखलंय. खुर्चीचं काम जमलं तर राहीन, नाही तर घरी.

१३ जानेवारी

ऑफिसपासून गेटापर्यंत मीच मोजलं. दोरी धरून, दोन्ही हात पसरून, एकेक करत. फोरमन बसवराज खांबावर चढला होता. वरून ओरडला, "अप्पा, एष्टु?"

मी म्हणालो, "एकशेसाठ हात."

"नूरा अरवत्तु मोळ," असं म्हणत त्यानं लिहून घेतलं. मी मान हलवली.

१९ जानेवारी

हैदराबादचा कॅमेऱ्याचा मिस्त्री आला. त्याची वायर अर्ध्या वाटेलाही पुरली नाही. बसवराज म्हणाला, "कसं मोजलं, दाखवा." मी हात पसरले. तो हसतच सुटला. "अप्पा, ही वाव हाय की! मोळ म्हंजे कोपरापासून बोटापत्तोर. चौपट झालं की हो!"

दोन्ही हात पसरले की एक वाव, हे मला लहानपणापासून ठाऊक. मग हात म्हणालो कामून?

२० जानेवारी

मिस्त्रीच्या जीपमधले वायरीचे तुकडे जोडून वायर पोचवली. चित्र आलं, पण धुरकट, पांढरट. बसवराजलाही माणूस की खांब ते कळेना. मिस्त्री म्हणाला, "साडेसातसौ फुट के ऊपर पिक्चर मरती, चचा. तुमारी तो नौसौ साठ हो गई." लांब वायरीत चित्राचा जोर वाटेतच गळतो म्हणे. त्यात जोड. आता अखंड वायर आणि जोर वाढवायचा डबा हैदराबादहून आणणार.

बसवराज सगळ्यांना सांगत सुटलाय, "अप्पाला रस्ता मोजायला लावू नका. उदगीर भालकीच्या येशीत येईल."

मॅनेजरसाहेब हसले नाहीत.

२७ जानेवारी

मिस्त्री आला नाही. खुर्ची रिकामीच.

२ फेब्रुवारी

डबा बसला. नवी वायर, एकही जोड नाही. मला खुर्चीत बसवलं, बाकीचे मागं उभे. मागच्या गेटातून उसाची गाडी आत येत होती.

बसवराज म्हणाला, "बघा, बैलाच्या शिंगाचा गोंडा सुदिक दिसायलाय!"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "गुंडेराव, आता ठीक?"

मी व्हय म्हणालो.

३ फेब्रुवारी

राजूबाई, पोरी, हे पान वहीतून फाडून उदगीरच्या बसच्या कंडक्टरजवळ देतोय. मला गोंडा दिसला नाही. बैलही दिसला नाही. वायर आता बरोबर आहे, धूर माझ्याच डोळ्यांत आहे. इथं कुणाला बोललो नाही. तुझ्याकडं डोळ्यांचा डॉक्टर कुठल्या वारी बसतो? त्याच कंडक्टरजवळ निरोप धाड. लवकर धाड.