खिंडीपर्यंत

दि. १३ ऑगस्ट २००६, रविवार. किकवी.

मंगलचा फोन! दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. कुमार — माझा मुलगा, तिचा बाप — टेम्पो धूत होता. ओल्या हातानेच त्याने मोबाईल माझ्या कानाशी धरला.

"आबा, येत्या शुक्रवारी झ्युरिचला पळायचंय. गोल्डन लीगमधी. टीव्हीवर दिसंल!"

आवाज इतका स्वच्छ, जणू शेजारच्या भोंगवलीहून बोलत आहे.

गोल्डन लीग म्हणजे दरवर्षी युरोपातील सहा शहरांत भरणारी शर्यतींची मालिका. तेथे अर्ज करून चालत नाही. जगातील निवडक धावपटूंना बोलावणे यावे लागते. ते माझ्या नातीला आले. पंधराशे मीटर — मैदानाच्या पावणेचार फेऱ्या.

ती पुढे काही सांगू लागली — "पण आबा, माझं काम जरा येगळं हाय तिथं —"

मी म्हणालो, काम चोख कर, बाकी काही सांगू नकोस. फोन बंद केला. परदेशच्या फोनवर पाल्हाळ लावू नये.

दि. १५ ऑगस्ट, मंगळवार.

झेंडावंदनास हजर राहिलो. तेथून थेट हायवेवर हनीफच्या हॉटेलात गेलो. त्याच्याकडे डिश आहे. शर्यत होईल तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असेल. परंतु शनिवारी दुपारी चार वाजता तीच पुन्हा दाखविणार आहेत, असे त्याच्या मुलीने — गुलनाजने — सांगितले. ती भोरला कॉलेजात शिकते.

घरी येऊन सूचना लिहिली. 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात आनंद होतो की, चि. मंगल ही झ्युरिच येथे धावणार असून, तरी सर्वांनी शनिवारी दुपारी ठीक चार वाजता उपस्थित राहावे. आपला, रखमाजी, निवृत्त हरकारा, टपाल खाते.' मी चौथी पास आहे; पण माझ्या मजकुरावर कोणा साहेबाने कधी लाल रेघ मारलेली नाही. एक प्रत एस.टी. थांब्यावर डकविली, एक हनीफला दिली.

"आबा, ही सूचना हाय का लग्नपत्रिका?"

"कार्य मोठे असले की पत्रिका काढावी लागते, हनीफ."

"मग जेवण बी तुमीच घालणार जणू!"

दि. १९ ऑगस्ट, शनिवार.

लिहिण्याची इच्छा नाही. तरीही लिहितो.

पन्नास-साठ माणसे आली होती. मी धुतलेले धोतर व टोपी घालून पुढच्या बाकावर बसलो. मंगल दिसली! केस घट्ट बांधलेले, आखूड चड्डी — त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बार झाला. पहिल्या वळणावरच ती सर्वांच्या पुढे! मागे गोऱ्या, काळ्या, जगभरच्या मुली. पुढे आमची मंगल. पहिली फेरी — पुढे. दुसरी फेरी — पुढे. माणसे बाकावर चढून ओरडत होती. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मी ते पुसले नाही.

आणि दुसरी फेरी संपताच ती बाजूला झाली.

पडली नाही. धडपडली नाही. कोणाचा धक्का नाही. आपण होऊन बाजूच्या गवतात उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाकीच्या पुढे निघून गेल्या.

मागून आमच्या गावचा सोनबा म्हणाला, "काय आबा! आवतान देऊन बोलावलं आन् अर्ध्यावर पंगत उठवली!"

सगळे हसले. मी उठलो व सरळ घरी आलो. चहा तसाच राहिला.

पायाला काही झाले असेल काय? बरे तरी असेल ना पोर? कुमारने फोन लावला. लागत नाही.

दि. २० ऑगस्ट, रविवार.

लागत नाही.

दि. २१ ऑगस्ट, सोमवार.

लागला. तिनेच केला.

"मंगल, पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय आबा? बरा हाय की."

"मग थांबलीस का?"

"अवो, तेच तर सांगत व्हते त्या दिवशी! माझं कामच त्येवढं हाय. दोन फेऱ्या ठरल्या येळात पुढं पळायचं, मागच्यांना येग लावून द्यायचा, आन् बाजूला व्हायचं. त्याचेच पैसे देत्यात. पेसमेकर म्हनत्यात आमाला, म्हंजी येगाची मानसं."

म्हणजे जिंकायचे नाही, हेच आधी ठरलेले! आणि मी गावाला पत्रिका दिली!

मी जे बोललो ते येथे अक्षरशः उतरवून ठेवतो, कारण ते खोडता येणार नाही. मी म्हणालो — "भाड्याने अर्धी शर्यत धावणारी नात मला नको. शेवटची रेघ ओलांडशील त्या दिवशी फोन कर. तोवर करू नकोस."

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग तोही बंद झाला.

दि. २३ ऑगस्ट, बुधवार.

दाढी करविण्यास गेलो. सोनबा आधीच बसलेला. न्हाव्याला म्हणतो, "आबांची अर्धीच कर रं. त्यांच्याकडं तसाच रिवाज हाय."

मी दाढी पूर्ण करवून आलो. एस.टी. थांब्यावरची सूचना अजून तशीच आहे. काढावी तर लोक पाहतील. ठेवावी तर लोक वाचतील.

दि. २६ ऑगस्ट, शनिवार.

उद्या गणपती. कुमारचा टेम्पो मूर्ती वाहण्यात गुंतला आहे.

गुलनाज घरी आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आबा, त्या दिवशी तुमी लवकर उठलात. पुढचं बघितलंच न्हाई."

"पुढे बघण्यासारखे काय होते?"

"जी पहिली आली ना, तिनं झेंडा घेतला, फोटो काढलं, आन् मग मैदानभर मंगलताईला हुडकत गेली. घट्ट मिठी मारली! तिचा आजवरचा सगळ्यात चांगला येळ लागला म्हनं. पहिल्या दोन फेऱ्या तशा पळाल्या नसत्या तर लागलाच नसता. इंग्रजीत बोलणारा मानूस तीन डाव मंगलताईचं नाव घेत व्हता."

"आणि तू हे आज सांगतेस?"

"तुमी कुणाला जवळ येऊ देताय व्हय, आबा?"

ती गेल्यावर बराच वेळ बसून राहिलो.

अठ्ठावीस वर्षे मी टपालाची थैली वेल्ह्याहून पासलीच्या पुढे खिंडीपर्यंत नेली. भाल्याला घुंगरू, खांद्याला थैली. खिंडीत पलीकडचा हरकारा गेनू उभा असे. त्याच्या हाती थैली द्यायची, त्याची घ्यायची आणि उलट फिरायचे. पुढे ती कोठे उघडते, पत्र कोण वाचते, कोण रडते — मी कधीही पाहिले नाही. 'रखमाजी अर्ध्यावर थांबला' असे कोणी म्हटले नाही. उलट, एक मिनिट उशीर नाही म्हणून साहेबाने शेरा दिला होता.

हीच गोष्ट मंगलला लहानपणी किती वेळा सांगितली असेन! तिला ती समजली. सांगणाऱ्याला समजली नाही.

दि. २८ ऑगस्ट, सोमवार.

तिच्याकडे निरोप कसा धाडावा? तिचा फोन दुसऱ्या कोणा मुलीचा होता. तो आता बंद. पत्र लिहावयास बसलो. मायना लिहिला. मजकूर लिहिला. पाकिटावर 'मु. पो.' लिहिले आणि हात थांबला. पुढे काय? आज एका शहरात, उद्या दुसऱ्या. आयुष्यभर लोकांची पत्रे वाहिली आणि माझ्या एका पत्राला पत्ता नाही!

दि. ३० ऑगस्ट, बुधवार.

कुमारने आज जेवताना जे सांगितले, ते ऐकून मी भरल्या ताटावरून उठलो.

"आबा, एक लपवलं तुमच्यापासून. मंगलनं शपथ घातलीती. तिच्या नडगीच्या हाडाला चीर हाय. जुलैपासून. डाक्टर म्हनला, लांब पळू नको, मोडंल. म्हनून तर तिला पळायला शिकवनाऱ्या सरांनी हे दोन फेऱ्यांचं काम बघून दिलं."

"आणि तू मला तसे बोलू दिलेस?"

"तुमी बोलताना कुनी मधी बोललंय का या घरात कधी?"

रविवारी बर्लिनला गोल्डन लीगची या वर्षाची शेवटची शर्यत आहे. मंगल तेथेही दोन फेऱ्यांच्याच कामासाठी धावणार आहे. आणि मी तिला काय सांगितले आहे? शेवटची रेघ!

दि. ३१ ऑगस्ट, गुरुवार.

गुलनाजबरोबर एस.टी.ने भोरला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात तिने मंगलच्या सरांचा ई-मेल शोधून काढला. मी सांगत गेलो, तिने लिहिले — 'चि. मंगल हीस अनेक आशीर्वाद. मी चुकलो. थैली खिंडीपर्यंत नेली की हरकाऱ्याचे काम पूर्ण होते. दोन फेऱ्या झाल्या की बाजूला हो. तुझा, आबा.'

"पोचले काय?"

"गेलं, आबा. वाचलं का न्हाई, ते न्हाई कळत."

दि. २ सप्टेंबर, शनिवार.

उत्तर नाही. गुलनाज रोज जाऊन पाहते.

दि. ३ सप्टेंबर, रविवार.

आज संध्याकाळीच दाखविणार होते. सहा ते साडेनऊ वीज नाही. भारनियमन! अंधारात हनीफच्या बाकावर बसून राहिलो. तिकडे एव्हाना होऊन गेले असेल.

दि. ४ सप्टेंबर, सोमवार.

दुपारी पुन्हा दाखविले. मी कोणाला बोलाविले नव्हते. तरी पंधरा-वीस माणसे आली. सोनबाही.

पहिली फेरी — मंगल पुढे. दुसरी फेरी — पुढे. मी उठून उभा राहिलो. आता. आता हो बाजूला!

झाली नाही.

"मंगल, बाहेर हो!" मी ओरडलो. त्या काचेकडे पाहून, काल संध्याकाळीच संपलेल्या शर्यतीकडे पाहून मी ओरडत होतो. हनीफने मला दंडाला धरले. "आबा, बसा. आबा, ते झालंय." एकेक मुलगी तिला ओलांडून गेली. शेवटच्या वळणावर तिचा डावा पाय वेडावाकडा पडू लागला. सर्वांच्या मागे, एकटी, लंगडत तिने रेघ ओलांडली आणि खाली बसली.

"वा गं वाघिणी! पुरी केली!" सोनबाने सर्वांत जोरात टाळ्या वाजविल्या. माझ्या पाठीवर थाप मारली. "आता म्हना, आबा, आमची नात!"

मी त्या काचेपुढे तसाच उभा होतो. मोडले ते मी मोडले.

दि. ५ सप्टेंबर, मंगळवार.

फोन नाही.

दि. ६ सप्टेंबर, बुधवार.

आला. पाय प्लॅस्टरमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, आता शर्यती नाहीत.

मी म्हणालो, पोरी, माझ्यामुळे झाले. निरोप वेळेत पोचला नाही.

"पोचला व्हता, आबा. आदल्या दिवशीच. सरांनी दोनदा वाचून दाखवला. लई रडले मी."

"मग थांबली का नाहीस?"

ती म्हणाली, "आबा, खरं सांगा. अठ्ठावीस वर्सांत खिंडीच्या पल्याड जाऊन बघावं, असं तुमाला कधीच वाटलं न्हाई?"

मी 'नाही' म्हणालो. फोन ठेवला.

रोज वाटत असे.