काडतुसांचं कपाट रिकामं झालं त्याची हकिगत

तीर्थरूप हर्शेलमामा यांच्या पायांशी, मोन्टानाच्या गारठ्यात बोटं आखडलेल्या रॉयसचा नमस्कार पोचावा.

मी इकडे धडधाकट आहे. तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि त्या लंगड्या कुत्र्याचं जे काही चाललं असेल ते, सगळं आटोक्यात असावं अशी आशा करतो. चष्मा नवा केलात का? कुत्रा त्याच्यावर बसला त्याला आता बराच काळ लोटला. (मामी हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असणार हे ठाऊक आहे, म्हणून मी शिव्या गाळून लिहितोय. जिथे वाक्य मध्येच लंगडल्यासारखं वाटेल तिथे तुम्ही तुमच्या पसंतीची घालून घ्या.)

मामीच्या पत्रावरून कळलं की आमची कंपनी दुकानांतली काडतुसं बंद करतेय ही बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिलीत, मांडीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "चला, पोरगं थँक्सगिव्हिंगच्या आत शेडवर!" मामा, आपला करार मी विसरलेलो नाही. हीसुद्धा नोकरी गेली तर मी गुमान आर्कान्सॉला परत यायचं आणि तुमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये खोरं धरून उभं राहायचं. आणि त्या थोरल्या हरणांच्या, एल्कच्या, शिकारीचा मोसम उघडेपर्यंत टिकलो, तर तुम्ही रायफल घेऊन इकडे यायचं, माझ्या खोलीवर उतरायचं, आणि माझ्यासमोर कोंबडी हा शब्द जन्मात काढायचा नाही. त्या कोंबड्यांच्या वासापायी तर माझी शाळा सुटली. बाकावर शेजारी कुणी बसेना, मग मीही बसेनासा झालो. बाकी तुम्ही चारचौघांत सांगत फिरता की रॉयसला तेलविहिरीवरून काढलं, ते तेवढं बंद करा. काढलं नव्हतं. मी स्वतःच निघालो होतो. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या इतकंच. बिटाच्या शेतावरचं आणि हॉटेलातल्या भांड्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते समोरासमोर सांगेन.

तर हकिगत अशी. मार्वाबाईंनी (या सुईपासून बंदुकीपर्यंत सगळं विकणाऱ्या आमच्या दुकानाच्या मॅनेजर, मनाने चांगल्या, आवाजाने नाही) सकाळी आम्हा सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. या खोलीत आम्ही एरवी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खातो. आम्हाला वाटलं केक आहे. निघाला वरच्या ऑफिसातून आलेला कागद. पिस्तुलांची सगळी काडतुसं आणि आखूड नळीच्या रायफलींची काही, जेवढी कपाटात आहेत तेवढी विकायची, संपली की पुन्हा यायची नाहीत. हरणाची, एल्कची, पाखरांची मिळत राहतील. का, ते त्यांनी वाचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. कंपनीच्या दुसऱ्या दुकानात जो गोळीबार झाला तो तुम्हीही टीव्हीवर पाहिलाय, ते मी पत्रात घालत नाही. वाचता वाचता मार्वाबाई थांबल्या आणि पाणी प्यायल्या. मागच्या खोलीत एकही भांडण न होता कागद वाचून संपलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तिथे एरवी उद्या बर्फ पडणार की नाही यावरूनसुद्धा लोक एकमेकांची आई काढतात. मग त्या मला म्हणाल्या, "रॉयस, कपाटाला कुलूप आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग जा, किल्ली घेऊन उभा राहा. आता येतीलच."

त्या किल्लीबद्दल मी तुम्हाला मागे लिहिलंच होतं. (जरा जास्तच लिहिलं होतं म्हणा.) काचेचं कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. गावातला डेंटिस्ट असो की हजार गुरांचा मालक, खोकं हवं असेल तर मी येईपर्यंत ताटकळायचं. मी मुद्दाम सावकाश चालत यायचो. स्टेन्सरुड आजोबा म्हणायचे, "आला बघा किल्लेदार, वाट द्या." हे आजोबा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी सिॲटलला. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन येणार, काचेवर कोपरं टेकणार, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत जगाचं कुठे चुकलं ते सांगणार. विकत कधी काही घेतलं नाही. त्यांची कोपरं जिथे टेकायची तिथे काच धुरकट झाली होती. ती मी पुसत नसे, आजोबांना जागा सापडावी म्हणून.

आता गंमत ऐका. कागदावर स्पष्ट होतं की काही काडतुसं बंद होणार. पण रेडिओवरच्या बातमीपासून आमच्या पार्किंगपर्यंत येता येता तो "काही" कुठेतरी रस्त्यात सांडला. रांग लागली ती थेट कुत्र्यांच्या खाण्यापर्यंत. मी विचारायचो, कुठल्या मापाची देऊ? लोक उलट मलाच विचारायचे, कुठल्या मापाची उरलीयत? पास्टरच्या पत्नी, मिसेस डॉफलर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, त्याही उभ्या. मी म्हटलं, बाई, पिस्तूल कुठल्या मापाचं तुमचं? म्हणाल्या, "पिस्तूल कुठाय आमच्याकडे! पण संपतायत ना?" त्यांच्या मागे स्टेन्सरुड आजोबा! जन्मात खिशात हात न घातलेला माणूस रांगेत! मी म्हटलं, आजोबा, तुमच्याकडे तर नुसती हरणाची रायफल आहे. त्यावर म्हणतात कसे, "आणि उद्या माझ्याकडे पिस्तूल आलं आणि काडतुसं नसली, तर मी काय त्याच्या तोंडाकडे बघत बसू? दे मुकाट्याने."

मग व्हायचं तेच झालं. अख्ख्या गावाकडे काडतुसं झाली आणि त्यांना लागणारी पिस्तुलं नव्हती. काही जण पिस्तूल शोधायला जुन्या सामानाच्या दुकानात गेले, तर तिथे होती ती वेगळ्याच मापाची. म्हणून त्यांनी ती घेतली. आता पिस्तूल एका मापाचं आणि काडतुसं दुसऱ्या मापाची. शेवटी मिसेस डॉफलरनी रविवारी चर्चच्या तळघरात, जेवणानंतर, अदलाबदल ठेवली. तुम्हाला ते आमचं रविवारचं जेवण माहीत नाही. आपल्यासारखंच, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, फक्त इकडे सगळेच बटाट्याचा आणतात. लांब टेबल, त्यावर बटाटे, गाजर घातलेली हिरवी जेली, आणि जेलीच्या पलीकडे काडतुसांची खोकी, मापाप्रमाणे मांडलेली. मला मापं ओळखायला बोलावलं होतं. पास्टरसाहेबांनी अन्नाबद्दल देवाचे आभार मानताना एक डोळा उघडा ठेवला होता आणि तो त्या खोक्यांवर होता. अदलाबदल छान झाली. जो तो आपली निरुपयोगी खोकी देऊन शेजाऱ्याची निरुपयोगी खोकी घेऊन घरी गेला, आणि सगळ्यांना आपण जिंकलो असं वाटलं.

भांडी आवरताना मिसेस डॉफलर मला म्हणाल्या, "रॉयस, टीव्हीवर ते पाहिलं त्या दिवशी मी दिवसभर रडत होते. आणि बंद होणार म्हणाल्याबरोबर पर्स घेऊन तुझ्यासमोर उभी. काय म्हणावं मला?" मी म्हटलं, बाई, जेली उरलीय, झाकून ठेवू का?

कपाट रिकामं झालं. आता तिथे थर्मास मांडलेत. थर्मासला कुलूप नसतं, त्यामुळे थर्मास हवा असला तरी कुणी मला हाक मारत नाही. एल्कची काडतुसं मासेमारीच्या गळांच्या काउंटरवरच्या छोट्या कपाटात गेली. म्हणजे तुमची सोय आहे, निर्धास्त या.

आणि माझं काय झालं? मामा, मांडीवरचा हात काढा. मला काढलेलं नाही. मला दुसरं खातं मिळालंय, आणि ते आधीच्याहून जबाबदारीचं आहे. तिथे नजर लागते, हात स्थिर लागतो, ऐन वेळी श्वास रोखून धरावा लागतो, आणि हत्याराला धार लागते. एकदा चुकलं की चुकलं, मागे फिरता येत नाही. लोक माझ्यासमोर रांग लावून उभे असतात. याहून जास्त मला लिहिता येत नाही (कंपनीचे नियम असतात). तेव्हा शेडवर दुसरा माणूस बघा आणि रायफलीला तेल द्या.

मामीला नमस्कार, कुत्र्याला एक लाथ, हळू.

तुमचा, अजून नोकरीत असलेला भाचा,
रॉयस

ता.क. मामी, इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. ओठ हलवत राहा. मामांनी विचारलं तर सांग, पोराने बर्फाबद्दल लिहिलंय, फार लांबण लावलंय.

मामी, मला कापडाच्या टेबलावर टाकलंय. ताग्यातून कापड काढायचं, मोजायचं, कापायचं, घडी करून द्यायचं. वर मामांना लिहिलं त्यात खोटं एक अक्षर नाही, फक्त कापड तेवढं गाळलं. आणि मला सरळ कापता येत नाही. मिसेस डॉफलरना चर्चच्या पडद्यांचं कापड दिलं, तर त्याचं एक टोक मोन्टानात आणि दुसरं पार वायोमिंगमध्ये. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, घरी जाऊन पुन्हा परत आल्या, आणि मग बोलल्या. मार्वाबाईंनी मला मागच्या खोलीत नेलं. केक नव्हता. म्हणाल्या, "एल्कचा मोसम उघडतो त्या दिवशी मी नाताळच्या कामांची वाटणी करते. तोवर सरळ कापायला लागलास तर टेबल तुझं. नाहीतर, रॉयस, माझ्याकडे दुसरी जागा नाही." म्हणजे बघ, मामा इकडे यायला आणि मी तिकडे शेडवर जायला एकच दिवस.

स्टेन्सरुड आजोबा आता या टेबलावर कोपरं टेकतात. आधी गोधड्या शिवणाऱ्या बायका वैतागल्या, आता त्यांना रंग विचारतात. ("हा निळा नको, या निळ्यात माणूस आजारी दिसतो.") परवा मी फ्लॅनेल कापत होतो आणि ते नेहमीसारखं पळत होतं. आजोबा बघत होते, म्हणाले, "पोरा, बंदूक कुठल्या खांद्याला लावतोस?" मी म्हटलं, डाव्या. "आणि कात्री कुणाची आहे?" दुकानाची. "दुकानाची नव्हे रे, कुठल्या हाताची? उजव्या माणसाची रायफल डाव्या खांद्याला लावतोयस, रिकामं काडतूस थोबाडावर उडतंय, आणि वर विचारतोयस नेम का चुकतो!"

मामी, मला एकदम तू आठवलीस. घरात डावखुरे आपण दोघंच. तुझी ती काळ्या मुठीची डावी कात्री, जिने मामांनी एकदा शेडची जाळी कापली होती आणि तू त्यांना कितीतरी दिवस थंड बीन्स वाढल्या होत्यास. ती कात्री मला पाठव. आणि तू कापड कापण्याआधी त्यातला एक धागा ओढून काढायचीस आणि त्या रेघेवरून जायचीस, ते नीट कसं करायचं ते लिही. धागा तुटला तर काय करायचं तेही लिही, कारण माझा तुटणार.

आणि हे तर तू मामांना माझ्या मयतीतसुद्धा सांगू नकोस. मला इथे बरं वाटतंय. काडतुसांच्या कपाटाशी उभं राहून कुणी मला कधी सांगितलं नाही की याचं काय करणार. इथे लोक न विचारता सांगतात. नातीचा झगा, नवऱ्याचा शर्ट, कुणाच्या तरी येणाऱ्या बाळाचं दुपटं. स्टेन्सरुड आजोबांनी काल बायकोची अर्धवट राहिलेली गोधडी आणली आणि म्हणाले, तुला सरळ कापता यायला लागलं की सांग, मला घाई नाही. मी कुठल्याच नोकरीत इतके दिवस दाराकडे न बघता राहिलो नव्हतो.

पुन्हा ता.क. मामी, आता मोठ्याने वाच. मामा, इकडे बर्फ फार आहे, लोकरीचे मोजे जास्त आणा. एवढं मोठं बर्फाचं वर्णन वाचून कंटाळला असाल, माफी असावी.

शेवटचा ता.क. मामी, परत मनात. पार्सल टाकायला पोस्टात गाडी घेऊन मामाच जाणार, आणि ते हातात घेऊन हलवून बघणार, आत काय आहे म्हणून विचारणार. सांग, एल्क सोलायचं हत्यार आहे, रॉयसने मागवलंय. त्यांना पटेल. आजवर त्यांनी एवढ्या शिकारीच्या गोष्टी सांगितल्या, पण एल्क कधी सोललाय कुठे?